मामाचा रिपोर्ट

"अहो, चपला! चपला बाहेर!"

ती अशी ओरडली, की दारातला उंच तरुण जागच्या जागी थबकला. हॉस्पिटलातली जनुकचाचणी तीच करायची, आणि त्या खोलीत बाहेरची धूळ आलेली तिला मुळीच खपत नसे. त्याच्या कडेवरची चिमुरडी मात्र खुदकन हसली.

"रक्त चढवायची खोली... हीच ना?"

"शेजारची," ती म्हणाली — आणि तो वळून जाईपर्यंत उगाचच बघत राहिली.

चिमुरडी त्याची भाची. तिला थॅलेसेमिया होता. वरचेवर रक्त चढवावं लागे. हा मामा पोहण्याच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवायचा. सुई टोचताना तलावावरच्या अशा काही गमती सांगे, की पोर रडायचंच विसरून जाई. तिचं ऐकून सगळं हॉस्पिटल त्याला 'मामा' म्हणू लागलं.

"मामा, आज तुमचंही रक्त हवंय. आजार आनुवंशिक आहे," एकदा तीही म्हणाली.

"रक्त हवं तेवढं घ्या... पण तुम्ही तरी मामा म्हणू नका!"

तिचे कान तापले.

रिपोर्ट आला. तो वाहक निघाला.

"म्हणजे... लग्नाचं विसरायचं?"

"छे हो! जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमची एक बिघडलीय, दुसरी ठणठणीत, म्हणून तुम्ही धडधाकट. नवराबायको दोघंही वाहक असले, तरच बाळाला हा आजार होण्याची भीती."

"पण मुलीला विचारायचं कसं? पहिल्याच भेटीत, रक्त तपासून या, म्हणू?" तो हसत म्हणाला खरा, पण रिपोर्टची घडी काही त्याला नीट घालता येईना.

पुढच्याच आठवड्यात तो सगळ्या चुलतभावंडांना तपासणीला घेऊन आला. असली गोष्ट लोक घरच्यांपासूनही लपवतात, आणि हा...! तिला त्याचं फार कौतुक वाटलं. कौतुकच — असं तिने स्वतःला बजावलं.

एका दुपारी ती तलावावर गेली. तो पोहत काठाशी आला.

"मी माझं रक्त तपासलं."

"का? काय झालंय तुम्हाला?" तो घाबरलाच.

"काही नाही झालेलं. मी वाहक नाही... तेच सांगायला आले."

त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग त्याने काठ घट्ट धरला.

"आणि... वाहक निघाला असतात तर?"

"तरी आले असते. बोलायला जरा जास्त वेळ लागला असता, एवढंच."

त्याने हात पुढे केला, आणि मध्येच थांबला. "ओला आहे—"

"असू दे," ती म्हणाली, आणि काठावर बसून तिने तो धरला.