फाट्यावरचा चिमटा

चोरी करायचीच तर माणसाने अंगाला शोभेल अशी करावी. दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या धुण्याचे चिमटे काय चोरायचे! काकू शेडमधून बाहेर आल्या तेव्हा त्यांची नुकती धुतलेली पांढरी चादर चिखलात लोळत होती, आणि दोरीपाशी एक उंच, काटकुळा माणूस मूठभर चिमटे घेऊन उभा होता. पकडला गेल्यावर माणूस पळतो, निदान लाजतो तरी. हा हसला!

"आठच घेतलेत, काकू. परत देतो ना."

"सगळे म्हणतात म्हणून तूही काकू म्हणतोस होय? आणि चादर कोण धुणार, तुझं सरकार?"

सरकारचं नाव काकूंनी उगीच काढलं नव्हतं. त्याच्या खिशावर मोजणी खात्याचा बिल्ला होता. समोरचा डोह सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. फाटकाजवळच्या फळ्यावर नाव आणि परतायची वेळ लिहायची आणि खुशाल उतरायचं. डोहाच्या तळाशी गुहेचं तोंड होतं, आणि तिचा नकाशा काढायला हा आला होता. फाटकापाशीच काकूंची शेड. तिथे पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरली जायची. नवरा गेल्यापासून शेड काकूंची, आणि गुहेतले नियमही काकूंचेच.

पहिला नियम चिमट्याचा. गुहेत शंभर पावलांवर फाटा फुटतो. तिथे बांधलेल्या दोरीला प्रत्येकाने आपला चिमटा लावायचा आणि परतताना काढून आणायचा. चिमटा दिसला की माणूस आत आहे. नकाशेवाला आपले चिमटे घरी विसरला होता. म्हणून ही चोरी.

"आई, कोणावर एवढं तोंड सोडलंयस?" ओले केस पिळत लेक बाहेर आली. लोकांना गुहेत नेणं-आणणं तिचं काम. पाण्यात इतकी सरसर फिरायची की सगळे तिला मासोळीच म्हणत. तिने चादर पाहिली, मूठ पाहिली... आणि मग त्याचा चेहरा जरा जास्तच वेळ पाहिला.

"पिवळे ठेवा," ती म्हणाली. "अंधारात पटकन ओळखू येतात. निळे माझे असतात."

"निळ्याशेजारी पिवळा शोभेल, नाही?"

"शोभा मागाहून," काकू कडाडल्या. "आधी चादर पिळ!"

त्याने पिळली. डाग मात्र गेला नाही.

मग दोघं रोज उतरू लागली. उतरण्याआधी काकू त्याच्या टाकीचा काटा बघत आणि विचारत, "हवेचे वाटे किती?"

"तीन. एक जायला, एक यायला."

"आणि तिसरा?"

"अडीअडचणीला, म्हणजे माझ्या..."

"तुझा नाही तो. तिसरा वाटा सोबतच्याचा. त्याची हवा संपली, तो हरवला, तर त्याच्यासाठी. विसरलास तर माझ्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

दुपारी शेडमधल्या टेबलावर नकाशा पसरायचा. तो रेघ ओढायचा, ती कोपऱ्यावर दगड ठेवायची, आणि दोघांची डोकी अशी जवळ यायची की काकूंना मुद्दाम खोकावं लागे.

"गाळ उठला की बॅटरीसुद्धा दिसत नाही," मासोळी सांगत होती. "मग हाताने बोलायचं. हात एकदा दाबला, की जागेवर राहा. पुढे ढकलला, की चल."

"आणि दोनदा दाबला तर?"

"दोनदा असं काही नसतं."

"नसतं तर... ठेवूया ना काहीतरी."

ती पेन्सिलीला टोक करत बसली. टोक मोडेपर्यंत करत बसली.

पहिल्या आठवड्यात नकाशा वीतभर झाला, दुसऱ्यात चारच बोटं पुढे सरकला. तिसऱ्यात तर त्याने काल काढलेली रेघ आज खोडली. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला काकूंना शाळा लागली नव्हती. पण दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवणारी! शेवटी खात्याचा निरोप आला — उद्या काम आटपून निघा. त्या संध्याकाळी मासोळी जेवली नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाली, "पोट भरलंय." पोट भरल्याने कोणाचे डोळे असे भरतात का?

शेवटच्या दिवशी दोघं उतरली. फळ्यावर परतायची वेळ अकरा लिहिली होती. अकराला दहा कमी असताना नकाशेवाला एकटाच वर आला. गालातल्या गालात हसत.

"ती कुठे?"

"मागेच आहे. गाळ उठलाय, म्हणून मी पुढे सटकलो. फाट्यापाशी तिला जरा वेळ लागेल..." त्याचे कान लाल झाले. "एक चिमटा चाचपायचाय तिला."

"कोणाचा?"

"माझा. त्यावर मी काहीतरी..."

"तुझा चिमटा आत, आणि तू बाहेर?" काकूंच्या हातातला पाना खाली पडला. "अरे गाढवा, फाट्यावर तुझा चिमटा लागला म्हणजे तू आत आहेस! ती परत फिरली असेल. तुला शोधतेय ती!"

त्याचं हसू पाण्यात पडलेल्या खड्यासारखं बुडालं.

"काटा बघ. किती उरलीय?"

"एक वाटा."

"तो तिचा आहे. जा!"

तो गेला. काकू काठावर बसल्या. आयुष्यात कोणापुढे न वाकलेली बाई पाण्यावर ओणवी होऊन बुडबुडे शोधत होती. पाणी स्वच्छ, निळं, आणि अगदी रिकामं. अकरा वाजले. अकरा वाजून चार मिनिटं झाली. काकूंनी पाण्याला शिव्या दिल्या, मग हात जोडले, मग पुन्हा शिव्या दिल्या.

आणि मग बुडबुडे आले. दोन रांगा, शेजारी शेजारी.

मासोळीने डोकं वर काढलं, मास्क ओढला आणि एका हाताने सपकन पाणी त्याच्या तोंडावर मारलं.

"मला वाटलं तू... नुसता गाळ. भिंत चाचपली, दगड चाचपले, परतीपुरतीच हवा उरली, तरी पाय निघेना... आणि मग एक हात लागला."

"चुकलो," तो म्हणाला. "पुन्हा कधी... तू म्हणशील ते..."

"मग? हात लागल्यावर काय केलंस?" काकूंनी विचारलं.

मासोळीने मान खाली घातली. "दाबला."

"कितीदा?"

"...दोनदा."

आता तो हसला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, पाणी नाकावरून ओघळत होतं तरी. पाण्याखाली दोघांचे हात अजून सुटले नव्हते. काकूंना काठावरून सगळं स्वच्छ दिसत होतं.

"आण तो चिमटा," त्या म्हणाल्या.

मासोळीने दुसऱ्या हाताने पिवळा चिमटा दिला. त्यावर तापल्या सुईने कोरलेलं होतं : 'थांबू का?' काकूंनी एकेक अक्षर बोटाने लावत वाचलं. मग लेकीकडे पाहिलं. पोरीचे डोळे रडून लाल झाले होते आणि ओठ हसू दाबत होते. काकूंनी आपलं डोळ्यातलं पाणी पदराला पुसलं आणि पदर झटकला.

"ऐक रे, चिमटेचोरा! एवढी मोकळी जमीन पडलीय, टेबल आहे, तोंड आहे, आणि तू विचारायला जागा काढलीस ती पाण्याखाली, अंधारात! पुन्हा हिला मागे सोडून पुढे आलास, तर तुझ्या टाकीत हवा नाही, गाळ भरीन. आता थांब. खात्याला कळव, नकाशा चुकलाय, पहिल्यापासून काढावा लागेल. आणि आधी वर येऊन ती चादर धू, डाग जाईपर्यंत. वाळत घालायला सात चिमटे मिळतील. हा आठवा आता माझ्या पोरीचा!"