एका पोळीच्या दोन

डॉ. हेमांगी गद्रे यांच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत यंत्रांपेक्षा ताकाचा वास जास्त येई. बुटक्या पेल्यातलं ताक उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं आणि चार वर्षांच्या मुलाला विचारायचं, "आता जास्त झालं का रे?" ओतताना डोळ्यांनी पाहिलेलं असूनही मूल छातीठोकपणे सांगे, "हो, जास्त!" तेच मूल सातव्या वर्षी म्हणे, "तेवढंच आहे की. हे काय विचारता?" मधल्या काळात त्याला हे कोणी शिकवलेलं नसे. मुलाचा विचार पायरी-पायरीने चढतो आणि पायरी येण्याआधी शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं बाई वीस वर्षं शिक्षकांना बजावत आल्या होत्या.

मग त्यांना घाई झाली. पायरी यायची वाट कशाला पाहा, ती लवकर आणता येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि 'पायरीवेगक' तयार झाला. मंद स्पंदनांनी मेंदूतल्या चेतातंतूंची जुळणी वेळेआधी घडवणारी ती टोपी. मुलं तिला सरळ कानटोपी म्हणत. पहिली कानटोपी चढली बाईंच्याच मुलीच्या, ऋजुताच्या डोक्यावर. एरवी बाराव्या वर्षाच्या आसपास येणारी चौथी, म्हणजे शेवटची पायरी तिने आठव्या वर्षी गाठली. डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टींचाही ती 'समजा असं असतं तर' असा विचार करू लागली, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता ऋजुता अकरा वर्षांची होती. येत्या सोमवारी एका वस्तीशाळेतल्या चाळीस मुलांना टोप्या घालायच्या होत्या आणि संशोधन समितीच्या मंजुरीपत्रावर फक्त बाईंची सही बाकी होती. नेमकी तेव्हाच मुलगी म्हणाली, "आई, त्यांना नको घालूस."

"का गं?"

ऋजुताने सांगितलं. चांगलं तासभर सांगितलं. शेंगदाणे मांडून दाखवले, चित्रं काढली. शब्द सगळे साधे मराठी होते, पण वाक्य संपेपर्यंत त्याचा अर्थ हातातून निसटून जाई. शेवटी तिने दाणे गोळा करून डब्यात भरले आणि ती उठून गेली.

बाईंनी आपले सहकारी दस्तगीर इनामदार यांना गाठलं. टोपीचं सगळं गणित या कोल्हापूरकराचं.

"इनामदार, पोर भ्रमिष्ट तर झाली नाही ना?"

"न्हाई ताई. मी तिचे आलेख बघितले. आपण चारच पायऱ्या मोजल्या, कारण आपण चौथीवर उभे आहोत. पाचवी आहे, आणि पोरगी तिथं जाऊन पोचलीय."

"मग एवढी हुशार आहे तर समजावून सांगावं की!"

"उंच पेल्यात ताक तेवढंच हाय, हे चार वर्षांच्या पोराला तुम्हाला कधी समजावता आलं?"

बाई म्हणाल्या, "नाही. अशा वेळी मुलाच्या कलानं घ्यायचं असतं. ऋजुता लहानपणी दोन पोळ्यांसाठी अडून बसायची. मी एकीचेच दोन तुकडे करायचे आणि म्हणायचे, घे, दोन झाल्या. लगेच खूश."

इनामदार हसले नाहीत.

शुक्रवारी ऋजुता आपणहून आईकडे आली. "आई, सोपं कारण सांगू? टोपीचं अस्तर तापतं. माझ्या कानामागे पुरळ यायचं."

बाईंना केवढं हायसं वाटलं! "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?" त्यांनी लगेच लिहून दिलं, अस्तर बदलेपर्यंत प्रयोग थांबवावा.

आठ दिवसांनी इनामदार तापमानाच्या नोंदी घेऊन आले. तीन वर्षांत अस्तर एकदाही तापलेलं नव्हतं. "तरी पण बदललं. आता समिती म्हणते, उद्या सुरू करा."

"मी नाही म्हटलं तर?"

"म्हणा की. पण कारणाच्या रकान्यात काय लिहिणार?"

बाईंनी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. 'माझी मुलगी म्हणते' हे कारण समितीला चाललं नसतं. खरं सांगायचं तर ते बाईंनाही चालत नव्हतं. जन्मभर त्यांनी पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता आणि आता पुरावा समोर मांडलेला असून तो त्यांना दिसत नव्हता.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "माझ्याशी खोटं का बोललीस?"

"तुला पेलेल असं तेवढंच होतं गं."

"मला खरं कारण हवंय, ऋजू."

"ते सांगून झालं, आई." ऋजुताचे डोळे भरून आले. "मी इथे अगदी एकटी आहे. ते चाळीस जण आले तर मला बोलायला माणसं मिळतील. तरीसुद्धा मी नको म्हणतेय. एवढं तर कळतंय ना तुला?"

एवढं बाईंना कळलं. पण तोंडून पुन्हा तेच निघालं, "पण का?"

ऋजुता आईकडे बघत राहिली. रागाने नव्हे, मायेने. मग तिने ताटातली पोळी घेतली, मधोमध फाडली आणि दोन्ही तुकडे आईच्या ताटात ठेवले.

"घे. दोन झाल्या."

पोळी एकच आहे, हे बाईंना दिसत होतं. त्या मुकाट्याने खाऊ लागल्या. समोर बसून ऋजुता उद्यासाठी दुसरं कारण शोधत होती, आईला कळेल इतकं सोपं.