माझ्या नावाची प्लेट

त्या देशात काही वाळतच नसे. टॉवेल, चादरी, पुस्तकांची पानं, सगळं कायम दमट. चपला कपाटात राहिल्या की पांढऱ्या व्हायच्या. मी तिथे बुरशीचाच अभ्यास करायला गेले होते, मग तक्रार तरी कुणाकडे करणार?

मी एकुलती एक. आईने मला एवढ्या लांब पाठवलं ते केवळ माझी मावसबहीण तिथे आधीपासून शिकत होती म्हणून. लहानपणापासून मी तिला ताई म्हणते. आम्हा दोघींत एक खोली, दोन पलंग, मध्ये खिडकी. राग माझ्या नाकावर असायचा. मी दिवसभर करवादायची, ती ऐकून घ्यायची. तिच्या भरवशावर मी आणि आई दोघीही निर्धास्त होतो.

प्रयोगशाळेतलं कामही तिनेच शिकवलं. काचेच्या प्लेटमध्ये वाढवलेली बुरशी फार टिकत नाही. तिचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा उचलून नव्या प्लेटमध्ये ठेवायचा आणि झाकणावर आपलं नाव लिहायचं. नवीत वाढ झाली की जुनी वाफेच्या भांड्यात घालून मारायची. दोन्ही ठेवल्या तर घोळ होतो, हे ताईचं ठाम म्हणणं. मला मात्र जुनी टाकवत नसे. चांगली जिवंत आहे की, म्हणून मी ती कपाटात मागे सारायची. ताई चिडायची ती तेवढ्या एकाच गोष्टीवरून.

मग मला ताप आला. चांगलाच सडकून आला. ताईने उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, केस विंचरले, नखं कापली. प्रयोगशाळेतलं माझं कामही बघते म्हणाली.

बरी होऊन गेले, तर दारावरचा पहारेकरी म्हणाला की मघाशीच तर बाहेर पडलात, आता परत कशाला? आत माझ्या प्लेटी बदललेल्या होत्या. झाकणांवर अक्षर माझंच. ताईला विचारलं तर हसली. तापात माणूस काय काय करतं, तुला आठवत नसेल, म्हणाली. मला पटलं. ताईचं मला सगळंच पटायचं.

त्यानंतर आईला फोन लावला.

"अगं, आत्ताच तर ठेवलास," आई म्हणाली. "आणि आता आवाज असा का? मघाशी किती गोड बोलत होतीस."

ताईनेच माझी नक्कल केली असणार, अशी मी समजूत करून घेतली आणि तिला वाटेल ते बोलले. ती माझ्या पलंगावरची चादर बदलत राहिली. माझी उशी ओली होती, नुकत्याच न्हालेल्या केसांनी व्हावी तशी. मी त्या दिवशी न्हाले नव्हते.

एका दुपारी तास रद्द झाला म्हणून लवकर परतले. खोलीचं दार उघडंच होतं.

माझ्या पलंगावर माझा निळा कुर्ता घालून एक मुलगी बसली होती. समोर उशीला टेकवलेला फोन, पडद्यावर आई. मागे बसून ताई त्या मुलीची वेणी घालत होती.

मुलीने वळून पाहिलं. चेहरा माझाच. फक्त निवांत.

"ताई, सांग ना आईला," मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे सरळ पाहिलं. ओळखून पाहिलं, त्यात शंकाच नको.

"हिला राग येत नाही गं," ती हळूच म्हणाली आणि पुढचा पेड घातला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला रडू आलं, त्याहून संताप आला. पण आई समोर होती. जगाला फसवतील, आईला कोण फसवणार? मी त्या मुलीच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले.

"आई, मी इथे आहे."

आईचं बोलणं थांबलं. तिची नजर त्या मुलीवरून माझ्यावर आली. तिने मला ओळखलं. तिचे डोळे भरून आले.

मी वाट पाहिली.

आईने पदराने डोळे टिपले. मग माझ्यावरची नजर काढून त्या मुलीकडे पाहिलं.

"बोल ना बाळा," ती म्हणाली. "का थांबलीस?"