मागचं ऑइल सील

आईला आठवड्यातून दोनदा कुंडलहून सांगलीला डायलिसिसला न्यावं लागतं. एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून मी सांगलीच्या चंदनबाला यांच्याकडून जुनी डिझेल गाडी घेतली. त्यांचे यजमान वारल्यापासून ती दारात उभीच होती. इंजिन झकास. फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकायचं.

माझी सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात गेली. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गेलंय, हे मला बघताक्षणी कळलं. नवल एकच होतं. रोज फरशीवर डाग पडायचा आणि तेल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, तेल मात्र वरच्या खुणेलाच असायचं. पट्टी खोटी दाखवत असेल, म्हणून मी सोडून दिलं.

ऐन रस्त्यात आईला घेऊन गाडी बंद पडायला नको होती. चुलतभाऊ ज्ञानू मदतीला आला. आम्ही गिअरबॉक्स उतरवला, क्लच आणि फ्लायव्हील काढलं. सीलचं रबर कडक होऊन चिरलं होतं. पण त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचे जुने ओरखडे होते. कुणीतरी ते आधी एकदा काढलं होतं आणि तेच परत ठोकलं होतं.

"आसं कोण करतंय रं?" ज्ञानू म्हणाला.

मी नवीन सील बसवलं. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी होती.

आणि डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर होतं.

जादा घातलं गेलं असेल म्हणून थोडं काढलं. सकाळी पुन्हा वर. बोटांवर घेऊन पाहिलं. डिझेलचा वास नाही, पाण्याचा अंश नाही. डिझेल इंजिनात तेल घातल्याबरोबर काळं पडतं. हे मधासारखं सोनेरी होतं.

मी चंदनबालांना फोन केला.

"गळती बंद केलीत का, दादा?" त्यांनी आधीच विचारलं.

"हो. आता तेल वाढतंय."



"आम्हीही बदललं होतं सील. मग जुनंच परत बसवून घेतलं. गळू द्या, दादा."

"पण का?"

त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला. असल्या गोष्टींपुढं मी मान तुकवणारा नव्हतो. इंजिन थंड होतं. तेल खुणेवर आणलं, बॉनेट उघडं ठेवलं, तेलाचं झाकण काढलं आणि भर दुपारी समोर खुर्ची टाकून बसलो. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं जात होते. गाडीजवळ कुणी फिरकलं नाही.

मग आवाज आला. डब्यातून सावकाश तेल ओतल्यावर येतो, तसा. गटगट, आणि मधेच थांबून पुन्हा गटगट.

मी वाकून आत पाहिलं. धार नव्हती. काहीच नव्हतं.

आवाज थांबला.

पट्टी काढली. तेल खुणेच्या बोटभर वर होतं.

आई उंबऱ्यात येऊन उभी होती. पायांवर सूज होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"माज्यागतच झालंय तिला," ती म्हणाली. "आत येतंय, भाईर जाईना. आरं, वाट दे की तिला."

"आई, हे असं सोडून द्यायचं?"

"मला उद्या सांगलीला जायाचं हाय, उदय. तू काय ते ठरीव."

तेल असंच वाढलं तर इंजिन फुटणार, हे मला कळत होतं. मी ठरवलं. ज्ञानूला परत बोलावलं. आम्ही पुन्हा सगळं उतरवलं आणि ते चिरलेलं सील मी माझ्या हातानं जागेवर ठोकलं. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं. इतक्या काळजीनंही केलं नव्हतं.

सकाळी फरशीवर डाग होता. आई तिच्या वेळेला सांगलीत पोचली.

तेव्हापासून गाडीनं एकदाही दगा दिलेला नाही. खाली ट्रे ठेवतो, तो रिकामा करतो, तेल कधी विकत आणत नाही.

आज निघायच्या आधी बॉनेट उघडलं. गाडीला रात्रभर कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. तेलाचं झाकण घट्ट बसलेलं होतं. त्याच्या कडेला एक सोनेरी थेंब होता.

तो अजून खाली ओघळत होता.