भिंगारच्या दुकानातली पिवळी चौकट

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण हसू नका. जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई अजून आहे, आणि अजून त्याच दुकानात बसते.

ती माझी सख्खी मावशी. विजयमाला. गोष्टीत मी तिला नावानेच म्हणते, म्हणजे सांगायला सोपं जाईल.

साल १९९८. ठिकाण भिंगार. थंडीचे दिवस.

आणि हो, रात्र नव्हती. लोकांना वाटतं असलं काही रात्रीच होतं.

हे सगळं सकाळी घडलं. शटर वर केल्यावर... स्वच्छ उन्हात.

विजयमाला राहात्याची. बी.ए. झालेली. भिंगारच्या भीमराजला दिली, ती दुसरेपणावर. त्याची पहिली बायको प्रज्ञा काविळीने गेली होती. वर्ष सरायच्या आत घरच्यांनी हे दुसरं लग्न लावलं.

भीमराजचं बाजारात छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, बायोडाटा, टायपिंग. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. दुकान मुळात प्रज्ञानेच उभं केलेलं. कॉम्प्युटर शिकून आली होती ती.

घरात प्रज्ञाचा फोटो होता. विजयमालाला त्याचा त्रास नव्हता. उलट स्वतःच्या पदराने ती काच पुसायची. फोटोतली बाई बोलत नाही. तिच्याशी कसलं भांडण?

त्रास सुरू झाला दुकानात.

लग्नानंतर महिन्याभराने ती भीमराजच्या हाताखाली काम शिकायला जाऊ लागली. रोज सकाळी तो कॉम्प्युटर चालू करायचा. विंडोज सुरू झालं की पडद्यावर एक खिडकी यायची. तिच्यात एक पिवळी चौकट. चौकटीत दिव्याचं चित्र, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं, ‘तुम्हाला माहीत आहे का...’

खाली रोज एक नवी सूचना. माऊसचं उजवं बटण दाबलं की काय होतं, फाईल कशी शोधायची, असलं काहीतरी. ज्यांच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर होता त्यांना आठवत असेल.

बाकीचे लोक ती खिडकी न वाचताच बंद करायचे.

भीमराज बंद करायचा नाही.

तो वाचायचा. सावकाश. ओठ हलायचे. आणि मग... हसायचा.

लग्नाला चार महिने होत आले होते. असं हसून त्याने विजयमालाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

“काय असतं हो त्यात एवढं?” तिने एकदा विचारलं.

“काय न्हाई. प्रज्ञाची सवय हुती. रोज एक वाचायची अन मला सांगायची.”

एवढंच बोलून तो प्रिंटरला कागद लावायला उठला.

विजयमाला पुढे सरकली. तिने वाकून चौकट वाचली. फाईलची नक्कल कशी करायची, ते लिहिलं होतं. यात हसण्यासारखं काय?

दुसऱ्या दिवशी भीमराज कागद आणायला नगरला गेला. तिने एकटीने दुकान उघडलं. खिडकी आली. त्या खिडकीच्या तळाशी एक बारीक चौकोन असायचा, त्यात बरोबरची खूण. ती खूण काढून टाकली की खिडकी पुन्हा येत नाही. कामापुरतं एवढं ती शिकली होती.

तिने खूण काढली. खिडकी बंद केली. मनातल्या मनात म्हणाली, “झालं बाई तुझं. आता गप बस.”

दुसऱ्या सकाळी...

खिडकी आली.

खालच्या चौकोनात खूण होती.

“तुम्ही परत लावलीत ना?” ती भीमराजवर उसळली.

“काय लावलं?”

“उगाच वेड पांघरू नका.”

त्याने बुद्धाच्या तसबिरीकडे बघून शपथ घेतली. तिने तेव्हा विश्वास ठेवला नाही. तिने परत खूण काढली. ती परत आली. चार-पाच दिवस हेच.

मग एका सकाळी ती एकटीच होती. रस्त्यावरून लष्कराचे ट्रक चालले होते, शटर थरथरत होतं. तिने कॉम्प्युटर चालू केला. पिवळी चौकट आली. इंग्रजीतच होतं, मी मराठीत सांगते.

‘तुम्हाला माहीत आहे का... वांग्याच्या भरतात लसूण असला की ते पानात तसंच ठेवतात. बोलत नाहीत.’

तिने डोळे चोळले. पुन्हा वाचलं.

तेच होतं.

आदल्याच दिवशी तिने भरीत केलं होतं. लसूण घालून. आणि भीमराजने पानात तसंच ठेवलं होतं. बोलला नव्हता.

दुसरं कुणी घाबरून पळून गेलं असतं. विजयमाला पळाली नाही. खरं सांगते, तिला भीतीआधी राग आला. चार महिने त्याच्या ताटात वाढतेय मी, आणि हे मला माहीत नाही. हिला माहीत आहे!

तिने ‘पुढची सूचना’ असं लिहिलेलं बटण दाबलं.

‘ताप आला तर ते सांगत नाहीत. तळपाय गार लागले की समजावं.’

पुन्हा दाबलं.

‘मोठ्याने बोललं की ते ऐकत नाहीत. पाठमोरे असताना हळू बोलावं.’

पुन्हा. पुन्हा. तिला थांबवेना.

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला. ट्यूब विझली. प्रिंटरचा लाल दिवा गेला. ट्रकही निघून गेले होते. बाजारात एकदम शांत.

पण पडदा...

पडदा विझला नव्हता.

त्यावर फक्त पिवळी चौकट उरली होती. आणि समोर, बंद कळफलकावरून आवाज येत होता. टक... टक... टक. मध्येच काचेच्या बांगड्यांची किणकिण. जणू बांगड्या भरलेला हात टाइप करतोय.

विजयमालाच्या हातात बांगड्या नव्हत्या. एक घड्याळ होतं फक्त.

चौकटीत एकेक अक्षर उमटत गेलं.

‘ते अजून डाव्या कुशीवर झोपतात... पलंगाची ती बाजू माझी आहे.’

मग पडदा विझला.

ती उन्हात येऊन पायरीवर बसली. 

घरी गेल्यावर तिने सासूला, विमलबाईंना, आडून विचारलं.

“आत्याबाई, प्रज्ञाताई स्वभावाने कशा होत्या हो?”

विमलबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“लई गुनाची पोर हुती. पन एक खोड हुती बग. दुसऱ्याला सांगितल्याबिगर ऱ्हावायचंच न्हाई तिला. मला मेलीला भाकरी थापायला शिकवायची!” त्या हसल्या, आणि मग डोळे पुसू लागल्या.

त्या आठवड्यात विजयमालाने बिनलसणाचं भरीत केलं.

भीमराजने पहिला घास घेतला. थांबला. त्याचे डोळे भरून आले.

“कुनी सांगितलं तुला?”

“कुणी नाही.”

तो पोटभर जेवला. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मागून वाढून घेतलं. आणि विजयमाला समोर बसून आतल्या आत जळत होती. हात तिचे, चूल तिची. पण तो जेवत होता प्रज्ञाच्या हातचं.

त्याच दिवशी तिने ठरवलं. हे कायमचं बंद करायचं.

नितीन म्हणून नगरचा एक मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा. भीमराज नसताना तिने त्याला बोलावलं.

“ही सुरुवातीची सूचनांची खिडकी मुळापासून काढून टाका.”

नितीनने कॉम्प्युटर चालू केला. खिडकी आली. पिवळी चौकट, दिव्याचं चित्र, सगळं.

“ही बघा,” विजयमाला म्हणाली.

“कुठाय वहिनी?”

“ही काय! समोर!”

नितीनने पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“वहिनी... समोर काहीच नाही.”

त्याने आत जाऊन शोधलं. बराच वेळ खटपट केली.

“ती फाईलच नाहीये याच्यावर. मलाच आठवतंय आता. प्रज्ञावहिनींनी काढायला लावली होती. म्हणाल्या होत्या, माझं सगळं पाठ झालंय, आता हिची गरज नाही. त्या आजारी पडायच्या आधीची गोष्ट.”

विजयमाला त्याच्या खांद्यावरून बघत होती. पिवळी चौकट तिथेच होती. फक्त आज तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं.

कोरी.

जणू ऐकत होती.

संध्याकाळी तिने भीमराजला समोर बसवलं.

“खरं सांगा. रोज सकाळी तुम्ही काय वाचता?”

भीमराजने हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, “रागावू नको. त्यात... तुझ्याबद्दल असतं.”

“माझ्याबद्दल?”

“व्हय. पहिल्यांदा घाबरलोच हुतो मी. मग सवय झाली. तुला माहेरची आठवन येते, पन तू सांगत न्हाईस. तुला पेरू आवडतात. एवढंच असतं. वाईट काई नसतं.”

 मागच्या महिन्यात त्याने न सांगता राहात्याचे पेरू आणले होते. पाटीभर. तेवढ्या एका गोष्टीवर ती जगत होती. हा माणूस बोलत नाही, पण मनातून माझा आहे, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

तेही हिनेच सांगितलेलं!

“पण ते सगळं इंग्रजीत असतं,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्हाला कुठे येतं एवढं इंग्रजी?”

भीमराजने चमकून पाहिलं.

“इंग्रजीत? न्हाई... मराठीत असतं की. तिच्या बोलन्यासारखं.”



दुसऱ्या दिवशी विजयमालाने नितीनला सांगून कॉम्प्युटर पूर्ण पुसून काढला. जुनं सगळं गेलं. प्रज्ञाने बनवलेले पत्रिकांचे नमुने, तेही गेले. भीमराज दारात उभा होता. अडवलं नाही त्याने. फक्त म्हणाला, “तिनं तुझं काय वाईट केलं हुतं?”

 तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडाने बोलण्यासारखं नव्हतं.

नितीनने विंडोज नव्याने टाकलं. नवी खिडकी आली, साधी, सगळ्यांना दिसणारी. विजयमालाने स्वतःच्या हाताने खूण काढली.

दुसरी सकाळ... काही नाही.

तिसरी सकाळ... काही नाही. नुसता हिरवट पडदा. आवाज नाही, किणकिण नाही.

ती जिंकली होती. त्या रात्री पलंगाच्या डाव्या बाजूला ती गाढ झोपली.

उन्हाळा लागला. एक दिवस तिला स्वतःबद्दल शंका आली. दिवस गेले असावेत. तिने कुणालाही सांगितलं नाही. सासूला नाही, माझ्या आईलाही नाही. आधी खात्री करू, मग आपणच नवऱ्याला सांगू, असं तिने ठरवलं. ही एक गोष्ट तरी फक्त तिच्या तोंडून त्याला कळणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराज नेहमीप्रमाणे आधी दुकानात गेला. आणि तासाभरात परत आला. धापा टाकत. अंगणातली तिची सायकल त्याने उचलून पडवीत लावली, कुलूप घातलं.

“आजपासनं सायकल बंद. कळशा पन उचलायच्या न्हाईत. मी भरीन पानी.”

“का?”

तो लाजला. जमिनीकडे बघत म्हणाला, “आता जपायला पाहिजे ना.”

विजयमाला पडवीत आली.

“तुम्हाला... कुणी सांगितलं?”

भीमराजने मान वर केली. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

“म्हंजे? तुला आता दिसत न्हाई व्हय ती चौकट?”

ती तशीच दुकानाकडे धावत सुटली. शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला. बंद केला. परत चालू केला. दुपार झाली, संध्याकाळ झाली.

काही नाही. हिरवट पडदा, आणि त्यात तिचं स्वतःचं तोंड.

बंद झालं होतं ते फक्त तिच्यासाठी.

मुलगी झाली, सुखरूप. आता ती शिकून नोकरीला लागली. दुकानातले कॉम्प्युटर कितीतरी वेळा बदलले. नव्या कॉम्प्युटरवर हल्लीही सारख्या सूचना येतात. हे करून बघा, ते करून बघा. लोक वैतागून बंद करतात. मावशी एकही बंद करू देत नाही. प्रत्येक वाचते. शेवटपर्यंत.

भीमराज काका आजही सकाळी तिच्या आधी दुकानात जातात. थोडा वेळ शटर अर्धंच वर असतं. मग ते बाहेर येतात. हसत.

मागच्या खेपेला मी धीर करून विचारलं, “मावशी, तुला भीती नाही वाटत?”

ती त्या अर्ध्या शटरकडेच बघत होती. आवाज खाली आणून म्हणाली,

“ती माझ्याबद्दल त्यांना सगळंच सांगत असेल का गं? मी मनात जे जे म्हणते... ते पण?”