खिडकीबाहेरची लेक

अमेरिकेतल्या टोलीडोच्या त्या वृद्धाश्रमात आईला भेटायचं म्हणजे बाहेर फुलझाडांच्या वाफ्यातल्या चिखलात उभं राहायचं, तिला आत फोन लावायचा आणि काचेतून एकमेकींची तोंडं बघायची. कसली डोंबलाची भेट! पण कोरोनाची साथ आल्यापासून दारं बंद होती, त्याला इलाज नव्हता.

बर्नडेट, म्हणजे घरची बर्नी, त्या दुपारी आली ती मुळातच पित्त खवळून आली. सकाळ फुकट धान्यासाठी गाड्यांच्या रांगेत गेली होती. त्यानंतर बेकारभत्त्याच्या कचेरीला लावलेल्या फोनवर ताटकळत तेच ते गाणं ऐकून कान किटले होते. ज्या खाणावळीत ती न्याहारी रांधायची, तिला मार्चातच टाळं लागलं. आता आपलं म्हणावं असं एक माणूस उरलं होतं, आणि ते काचेपलीकडे होतं.

तिची आई, स्टाशा, खुर्चीत बसली होती.

"मा, फोन कानाला लाव. कानाला गं! उलटा धरलायस."

"ओरडतेस काय? सकाळी किती गोड बोलत होतीस!"

"सकाळी? मी कुठं आले होते सकाळी?"

"घ्या! मग वेणी कुणी घातली? बटाटा भरलेले पिएरोगी, वर लोण्यातला कांदा घालून, कुणी भरवले मला?"

बर्नीनं कपाळावर हात मारला. झालं, म्हातारीला भ्रम झाला! पण तेवढ्यात आईनं मान वळवली आणि बर्नीला वेणी दिसली. चार पेडांची, घट्ट. ती वीण स्टाशानं फक्त आपल्या लेकीला शिकवली होती.

औषध द्यायला तिथली परिचारिका योलांडा आत आली. मास्क, चष्मा, अंगभर निळा झगा. बर्नीनं काच ठोठावली तसा तिनं आईच्या हातून फोन घेतला.

"आईची वेणी कुणी घातली हो?"

"बाई, इथं आम्हाला पाणी प्यायला फुरसत नाही, वेण्या कसल्या घालतो! तिची तिनंच घातली असेल."

"तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत."

योलांडानं वाकून वेणी नीट बघितली. मग हळूच म्हणाली, "या खोलीत सकाळपासून लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास येतोय... स्वयंपाकघर तर पार त्या टोकाला आहे." एवढं बोलून तिनं फोन आईच्या हातात दिला आणि औषधाची गाडी ढकलत निघून गेली. तिला अजून अख्खा मजला उरकायचा होता.

बर्नीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"मा, आत कोण येतं? खरं सांग."

"तू येतेस. आणखी कोण येणार?" आईचा आवाज खाली आला. "पण आतली तू चिडत नाहीस. घाईत नसतेस. ती म्हणते, उद्यापासून ती एकटीच येईल... बाहेर उभं राहून तुझे हाल होतात म्हणे."

"माझे हाल झाले तर होऊ देत! मी येणार. रोज येणार! कळलं?" बर्नी किंचाळलीच. मग तिला रडू फुटलं. रांगा सोसल्या, फोन सोसले, पण हे कुणी कसं सोसावं? "मा, माझ्याकडे बघ. मी बर्नी... ही मी, इथं आहे."

"मास्क काढ बघू."

बर्नीनं मास्क ओढून काढला आणि तोंड काचेला लावलं. आई बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ओळख येते न येते, तोच ती बाजूला वळली. तिथं नुसता पलंग होता, त्यावर कुणीच नव्हतं. तिकडे बघून तिनं हळूच विचारलं,

"बर्नी, ही कोण गं बाई रडतेय बाहेर?"

बर्नीच्या कानाशी धरलेल्या फोनमधून उत्तर आलं. तिच्याच आवाजात, पण त्या आवाजात थकवा म्हणून नव्हता.

"कुणी नाही, मा. तू बस... मी पडदा ओढते."

स्टाशाच्या एका हातात फोन होता. दुसरा हात मांडीवर होता.

पडदा सरकू लागला.