झेंड्याखालची अंडी

"उद्या सकाळी गाडी येईल आणि ह्याला घेऊन जाईल. विषय संपला!" असं म्हणून पक्षी-प्रकल्पाच्या साहेबांनी जीपचं दार धाडकन लावलं.

'ह्याला' म्हणजे बोक्याला. आणि बोका म्हणजे कुत्रा, बरं का! पिल्लू असताना तो चोरून दूध प्यायचा, म्हणून मेंढपाळकाकांनी त्याचं नाव बोका ठेवलं. पुढे तो चांगला वासराएवढा झाला, तरी नाव काही बदललं नाही. काकांच्या मेंढ्या तो एकटा राखायचा. आता मात्र तो मामांच्या गोठ्यात खुंट्याला बांधलेला होता, आणि आपल्याला का बांधलंय हे न कळल्यामुळे प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता.

"साहेब, अहो, जनावर आहे ते," मेंढपाळकाका जीपच्या खिडकीशी वाकून म्हणाले. "मी एकटा माणूस. हा गेला तर मेंढ्या कोण राखणार?"

"तीन घरटी रिकामी झाली, काका! जमिनीवर त्याच्या पंजांचे ठसे आहेत. शिवाय ह्या मुलीने त्याला शेतात पाहिलंय. काय गं, पाहिलंस ना?"

'ही मुलगी' म्हणजे सुट्टीत मामांकडे आलेली पिंगळी. मोठ्या गोल चष्म्यामुळे तिला सगळे पिंगळीच म्हणायचे. तिने मान हलवली. 'हो' अशीच हलवली. बोका शेतात होता हे खरंच होतं की!

"कुत्रा गेला नाही, तर तुमचं शेत योजनेतून काढावं लागेल," साहेबांनी मामांना बजावलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि फोनवर बोलत बोलतच त्यांनी जीप वळवली.

योजना अशी होती. मामांच्या शेताचा तलावाकडचा तुकडा खडकाळ होता, आणि दर उन्हाळ्यात टिटव्या तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालायच्या. पिल्लं चालू लागेपर्यंत मामांनी तो तुकडा नांगरायचा नाही, आणि त्याच्या बदल्यात पक्षी वाचवणाऱ्या प्रकल्पाने मामांना कुंपण घालून द्यायचं, तलावातला गाळ काढून द्यायचा. कुठे काय आहे ते ओळखू यावं म्हणून साहेबांनी शेतात पाच नारिंगी झेंडे रोवले होते. "त्या तुकड्यात कोणी पाऊल टाकायचं नाही!" असं मामांनी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं होतं. का टाकायचं नाही, झेंडे कसे लावलेत, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मोठ्या माणसांना हुकूम द्यायला वेळ असतो, कारण सांगायला नसतो!

"बोक्याने अंडी खाल्ली म्हणे!" तुऱ्या उसळून म्हणाला. तुऱ्या हा मामांचा मुलगा. त्याच्या डोक्यावरचे केस कितीही तेल लावलं तरी उभेच राहायचे. "अरे, मेंढीच्या कोकराला इतकं सांभाळतो तो! माझा नाही विश्वास."

"मग कोणी खाल्ली? सापाने? मुंगसाने? साप मुंगसाला घाबरतो की मुंगूस सापाला? टिटवीला अंडी मोजता येतात का?" हा भुंगा. पिंगळीचा धाकटा भाऊ. प्रश्न विचारायला लागला की समोरच्याचं डोकं भणभणायचं.

"तू का गप्प, पिंगळे?" तुऱ्याने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलंय."

ऊन कसलं लागतंय! बोका शेतात दिसला, कारण त्या पहाटे पिंगळी स्वतः शेतात होती, आणि बोका तिच्या मागे मागे आला होता!

त्याचं असं झालं. गच्चीवरून टिटव्यांकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं, की झेंडे एकीकडे आणि घरटी भलतीकडेच! साहेबांनी घाईत चुकीच्या जागी झेंडे रोवलेले दिसतात. मेंढ्या आल्या तर अंडी तुडवतील की! मग सगळे झोपेत असताना ती हळूच गेली, आणि पाचही झेंडे उपटून एकेका घरट्याच्या अगदी शेजारी नीट रोवले. बोका शहाण्यासारखा तिच्या बरोबर फिरला. एकाही अंड्याला त्याने नाक लावलं नाही. किती छान वाटलं होतं तेव्हा! आणि काल मामांनी दरडावून विचारलं, "शेतात कोण गेलं होतं?" तेव्हा घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "मी... मी बोक्याला पाहिलं शेतात."

खोटं नव्हतं. पण खरं तरी कुठे होतं?

"खरा चोर आपण पकडायचा," तुऱ्याने जाहीर केलं. "अजून दोन घरट्यांत अंडी आहेत. बोका बांधलेला आहे. चला, पंपाच्या खोलीवर!"

पंपाच्या खोलीचं छप्पर तापलेलं होतं. तिघं पोत्यांवर पालथे पडून राहिले. तलावाकडून वारा येत होता, झेंडे फडफडत होते. भुंग्याला गप्प बसवण्यासाठी तुऱ्याने त्याच्या तोंडात शेंगदाण्यांची अख्खी मूठ कोंबली.

"श्शू! तो बघ!"

विजेच्या तारेवरून एक कावळा उडाला. त्याने शोधाशोध केली नाही, घिरट्या घातल्या नाहीत. सरळ आला आणि झेंड्याच्या काठीवर बसला. मान वाकडी करून खाली बघितलं. टिटव्या किंचाळत त्याच्यावर झेपावल्या, पण तेवढ्यात दुसरा कावळा खाली उतरला आणि चोचीत अंडं घेऊन पसार झाला!

"कावळे!" तुऱ्या छपरावर उभाच राहिला. "चोर सापडले! अरे, पण ह्यांना घरटं कुठे आहे ते कळतं कसं? अंडी तर दगडांसारखीच दिसतात!"

पिंगळीला ते कळलं होतं. कावळ्यांनी अंडी शोधलीच नव्हती. त्यांनी झेंडा शोधला होता! साहेबांनी झेंडे घरट्यांपासून लांब रोवले होते ते चुकून नव्हे, मुद्दामच. आणि तिने प्रत्येक घरट्यापाशी पाटी लावून ठेवली होती, 'या, जेवायला या'!

"झेंड्यामुळे," ती कशीबशी म्हणाली. "झेंडा दिसला की तिथे अंडी असतात, हे ते शिकलेत."

"पिंगळे! काय डोकं आहे गं तुझं!" तुऱ्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

ती थाप तिला चपराकीसारखी लागली. आत्ता सांगावं का? 'मीच' म्हणायला तिने तोंड उघडलं. पण ती भराभर दुसरंच बोलून गेली, "आधी ते उरलेले दोन झेंडे काढू या. आणि साहेबांना हे डोळ्यांनी दाखवायला हवं. नुसतं सांगून ते ऐकायचे नाहीत."

त्यांनी मामांना गाठून कावळ्यांचं सांगितलं. मामा ट्रॅक्टरखाली शिरून काहीतरी आवळत होते. "साहेबांना पटलं पाहिजे ना!" ते तिथूनच ओरडले. "झेंडे काढा हवं तर, पण जपून." एवढं बोलून ते पुन्हा पान्ह्याकडे वळले.

बेत पिंगळीनेच आखला. विहिरीपलीकडे मोकळी जागा होती. मामीच्या कोंबड्यांची चार अंडी मागून आणायची, म्हणजे मामीची बोलणी खायची, ते काम तुऱ्याचं. दोन अंडी एका जागी झेंड्याजवळ, दोन दुसऱ्या जागी बिनझेंड्याची. चारही अंडी चिखलात लोळवून दगडांसारखी करायची. बोका खुंट्यालाच.

त्या रात्री पिंगळी जेवली नाही. "बाळा, बरं वाटत नाही का?" मामीने कपाळाला हात लावून विचारलं, तर तिला रडूच कोसळलं. मामी जितकी मायेने बोलत होती तितकं तिला जास्त रडू येत होतं. गोठ्यातून बोक्याचं कुईंकुईं ऐकू येत होतं. मेंढपाळकाका त्याच्याजवळच घोंगडी टाकून बसले होते.

सकाळी मुलांनी अंडी मांडली न मांडली, तोच साहेब जाळीच्या गाडीसकट हजर! मामा हात बांधून उभे होते, आणि मेंढपाळकाकांनी तर बोक्याच्या गळ्याला मिठीच मारली होती.

"चला, वेळ नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, साहेब!" भुंगा त्यांच्या पायांत घुटमळला. "तुमच्या दुर्बिणीतून मुंगी हत्तीएवढी दिसते का? उलटी धरली तर हत्ती मुंगीएवढा दिसतो का? त्या झेंड्यावर कावळा बसलाय तो कोणत्या जातीचा आहे? तुम्हाला सगळे पक्षी ओळखता येतात ना? की नाही येत?"

आता मात्र साहेबांना राहवेना! "नाही येत? मला?" त्यांनी तावातावाने दुर्बीण डोळ्यांना लावली. "साधा कावळा आहे. हा बघ... अरे! हा काय करतोय?"

कावळा झेंड्यावरून खाली उतरला आणि अंडं फोडून मोकळा झाला. दुसऱ्या जागेकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तुऱ्या धावत गेला, झेंडा उपटून त्याने तलावाच्या बांधाजवळ रोवला आणि तिथे नुसता एक दगड ठेवला. थोड्या वेळाने कावळे तिथेही हजर! दगडाला चोच मारून पाहतात काय, एकमेकांवर ओरडतात काय!

"आणि बोका इथे बांधलेला आहे, साहेब," तुऱ्या कमरेवर हात ठेवून म्हणाला. "कालही बांधलेलाच होता, तरी एक अंडं गेलं. आम्ही तिघांनी पाहिलं!"

साहेबांनी दुर्बीण खाली केली. घसा खाकरला. "पण झेंडे तर लांब असतात. घरट्यापासून विहिरीच्या बाजूला, मोजून ठरावीक पावलं लांब. तशी पद्धतच आहे आमची..."

"लांब? काल ते अंड्यांच्या उशाशी होते!" तुऱ्या म्हणाला.

झालं! मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे झेंडे तुम्ही चुकीचे लावलेत! कानाला फोन लावून कामं करता, आणि मुक्या जनावराला कोंडवाड्यात टाकायला निघालात?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते आठवायला लागले. "त्या दिवशी फोनवर होतो हे खरं... रिकामी घरटी बघायला आलो तेव्हाही लक्ष दिलं नाही. माझंच चुकलं असेल कदाचित."

आता काय, सगळं छान झालं होतं! बोका सुटणार होता. साहेब स्वतःच चूक कबूल करत होते. तुऱ्या पिंगळीकडे बघून हसत होता. तिने फक्त गप्प बसायचं होतं, बस्स. आणि परवा तिने नेमकं तेच केलं होतं.

"झेंडे मी हलवले," पिंगळी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की मामांनी "काय?" असं विचारलं.

"मी हलवले! साहेबांनी बरोबर लावले होते! मला वाटलं चुकलेत, म्हणून पहाटे जाऊन मी ते घरट्यांपाशी रोवले. बोका माझ्यामागे आला होता, म्हणून त्याचे ठसे. त्याने कशालाही तोंड लावलं नाही. आणि मामा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं, माझं नाही सांगितलं!"

एकदा सुरू झाल्यावर तिला थांबताच येईना. चष्मा ओला झाला, नाक वाहायला लागलं. भुंग्याचे प्रश्नसुद्धा बंद पडले. तुऱ्याचं हसू मावळलं. "मला तरी सांगायचंस," तो पुटपुटला.

मामा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "शेतात गेलीस ह्याचा मला राग नाही. अंडी वाचवायलाच गेलीस. बोक्यावर ढकललंस, ह्याचा आहे."

"हो, मामा."

"पण आत्ता गप्प बसली असतीस तर कोणाला कळलंही नसतं. तरी बोललीस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास. हे सोपं नव्हतं."

"आणि मी तरी कुठे धड पाहिलं?" साहेब ओशाळून म्हणाले. "झेंडे लांब का लावतो, ते पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं असतं तर हे घडलंच नसतं. शेत योजनेतच राहील. आणि कावळ्यांची युक्ती तुम्ही शोधलीत, ती मलाही कळली नव्हती! चला, आता घरट्यांपासून लांब झेंडे कसे रोवतात ते तुमच्या हातूनच करून घेतो."

"आणि ती गेलेली अंडी?" पिंगळीने विचारलं.

साहेबांनी शेताकडे पाहिलं. एक टिटवी रिकाम्या खळग्याभोवती फिरत होती. "काही टिटव्या पुन्हा घालतात अंडी. काही नाही घालत," ते म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

जाळीची गाडी रिकामीच परत गेली. पिंगळी गोठ्यात मेंढपाळकाकांसमोर जाऊन उभी राहिली. मान वर करायची तिला हिंमत होईना.

"काका, माझं चुकलं. हे मी परवाच बोलायला हवं होतं."

"हो," काका म्हणाले. "परवाच बोलायला हवं होतं."

ते तिला समजावतील, 'जाऊ दे गं पोरी' म्हणतील असं तिला वाटलं होतं. तसं काही ते म्हणाले नाहीत. डोळे पुसत त्यांनी बोक्याच्या गळ्यातल्या दोरीकडे बोट दाखवलं. "गाठ फार घट्ट बसलीय. सोड तूच."

पिंगळी गुडघ्यांवर बसली. गाठ खरंच घट्ट होती, दोन दिवस ओढून ओढून बोक्याने ती आवळून टाकली होती. दोरीखालचे केस झिजले होते. नखं दुखेपर्यंत ती गाठ सोडवत राहिली, आणि बोका जराही न हलता तिच्या पुढ्यात उभा राहिला. गाठ सुटली तसा तो एकदा अंग झाडून मेंढ्यांकडे सुसाट पळाला. त्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"बघत काय बसलीस? ऊठ," काका काठी उचलत म्हणाले. "दोन दिवस मेंढ्या उपाशी आहेत. येतेस ना बरोबर?"

"येऊ?" पिंगळीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती त्यांच्या मागे धावली.